गटारीला घरी ओल्ड फॅशन्ड करायचंय: साखर विरघळत नाही, बर्फाला बोंबलाचा वास

मुलुंड_स्लो

यंदा आवस नेमकी रविवारी आली आहे, त्यामुळे गटारीला रजा टाकायची भानगड नाही. शाळेतले चौघे माझ्याकडे येणार. तीस वर्षांत आमचा बेत बदललेला नाही: खंबा, सोडा, उकडलेल्या शेंगा आणि बायकोच्या हातचं सुकं मटण. या वेळी मात्र मी ग्रुपवर फुशारकी मारून बसलोय, की सोडा विसरा, ओल्ड फॅशन्ड, म्हणजे ते व्हिस्कीचं कॉकटेल, पाजतो.

ही खाज मार्चमध्ये लागली. आमच्या साहेबांच्या निरोपाला लोअर परळला एका बंद पडलेल्या मिलच्या आवारातल्या बारमध्ये गेलो होतो. ग्लास आला तेव्हा आधी वाटलं, फसलो. बुटका जाड ग्लास, त्यात बर्फाचा एकच ठोकळा, चष्म्याच्या काचेसारखा आरपार, आणि त्याच्या भोवती दोन बोटं व्हिस्की. पण ग्लास तोंडाशी नेला तर आधी संत्रं आलं, मागून व्हिस्की. घोट ना गोड ना कडू, आणि घशात जाळ नाही. साडेआठशे रुपये, वर टॅक्स. परतीच्या गाडीत कांजूरमार्गपर्यंत मी हिशेबच करत होतो, की यात घातलेलं असतं काय? व्हिस्की, साखर, कडू थेंब, संत्र्याचं साल. हे घरी का नाही जमणार?

नाही जमलं. तीनदा नाही जमलं. तिन्ही वेळचं सांगतो, म्हणजे नेमकं कुठे शेण खाल्लं ते तुम्हाला कळेल.

पहिल्यांदा एका व्हिडिओत बघून ग्लासात एक चमचा साखर, वर संत्र्याची फोड आणि वाण्याकडची लाल चेरी घातली, बत्त्याने चेचलं, साठ मिली व्हिस्की ओतली, बर्फ टाकला. पाच मिनिटं ढवळलं, साखर तळाशी तशीच. वरचा घोट नुसती जळजळीत व्हिस्की, शेवटचा घोट खोकल्याचं औषध. मधे संत्र्याचे धागे दातात.

दुसऱ्यांदा डोकं लढवलं. साखर विरघळत नाही ना, मग पाक करू. गॅसवर ठेवला आणि बातम्या बघत बसलो. तो एकतारीच्याही पुढे गेला असावा, कारण बर्फावर पडल्या पडल्या त्याची तार झाली आणि चमच्याला गुंडाळली गेली. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "चिकी करताय का?" त्यात कडू थेंब, म्हणजे अँगोस्टुरा बिटर्स, अर्धा चमचा घातले. ती बुटकी बाटली मी क्रॉफर्ड मार्केटात परदेशी डबेबाटल्यांच्या दुकानातून आणलीय, आमच्या क्वार्टरपेक्षा महाग. लेबल बाटलीपेक्षा मोठं, वरच्या बाजूने बाहेर आलेलं. मला वाटलं डुप्लिकेट दिली. वास घेतला तर थेट लहानपणी आजी घ्यायची ते दशमूलारिष्ट. अर्ध्या चमच्यानंतर चवही तीच.

तिसऱ्यांदा साखर कमी, बिटर्स तीन थेंब, सगळं बेतानं. पण बर्फ फ्रीजच्या ट्रेमधला. त्याच फ्रिजरमध्ये खालच्या कप्प्यात ओल्या बोंबलांचा डबा होता. पुढे लिहीत नाही. शिवाय त्या एवढ्याशा खड्यांचं पंख्याखाली सात मिनिटांत पाणी.

तर प्रश्न असे. साखरेचं नक्की काय करायचं? बर्फ मोठा आणि बिनवासाचा कसा करायचा? संत्रं कुठलं घ्यायचं, आत्ता बाजारात नागपूरचं नाही. आणि व्हिस्की आपली नेहमीची देशी चालेल, की अमेरिकन बाटली आणावीच लागेल? पाच माणसं आहेत. मुलगा २३ वर्षांचा, तोही "चव बघतो" म्हणतोय.

नीट_पिणारा

व्हिस्कीत साखर, संत्रं आणि आयुर्वेद. अण्णा, एवढं सगळं झाकून प्यायचं असेल तर मूळ व्हिस्कीच बदला. चांगली आणा, दोन चमचे पाणी घाला, गप्प बसा.

रसायनताई

मी स्वतः वर्षातून चारदाच घेते, पण पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे साखरेच्या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

मुलुंडकर, तुमची साखर आळशी नाही, तुम्ही तिला चुकीच्या जागी टाकलीत. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते. अल्कोहोलमध्ये ती विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, उरलेल्या पाण्यात साखर हळूहळू जाईल, पण तुम्ही वरून बर्फ टाकून तेही गार केलंत. मग ती कशाला हलते? साखर आधी पाण्यात विरघळवायची आणि मगच व्हिस्कीला भेटवायची. जुन्या पद्धतीत साखरेच्या वडीवर आधी बिटर्स आणि चमचाभर पाणी घालून ती चेचायचे, ते याचसाठी. तुम्ही पाणी वगळलंत आणि संत्रं चेचलंत.

दुसऱ्या खेपेला उलटं झालं. पाक म्हटलं की आपल्या हाताला तार बघायची सवय. इथे तार नको. हा पाक नव्हेच, साखरेचं पाणी आहे. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, दोन्ही काट्यावर तोलून. पाणी कोमट करा, गॅस बंद करा, साखर घाला, निवळ होईपर्यंत ढवळा. उकळू नका. उकळलं की पाणी उडतं, प्रमाण बिघडतं आणि गार झाल्यावर त्याचे खडे होतात. स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन आठवडे काळजी नाही. एका ग्लासाला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली. त्यात साधारण ३ ग्रॅम साखर जाते. वडी घेतली असतीत तरी जेमतेम तेवढीच. खडीसाखर घेतलीत तरी हेच प्रमाण. गुळाचंही छान होतं, पण पहिल्या वेळी गूळ नको, तो व्हिस्कीवर बसतो.

आता नीट_पिणारा यांना. तुम्ही ज्याला भेसळ म्हणता तीच मूळ व्याख्या आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. चारच गोष्टी, आणि त्यात पाणी स्पष्ट लिहिलेलं. पुढे बारवाले त्यात नाना तऱ्हेची लिकर्स घालायला लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाईकं म्हणायची, मला आपलं ते जुन्या पद्धतीचं द्या. तेच नाव पडलं. म्हणजे तुमच्यासारखेच खडूस लोक होते ते.

आणि बिटर्सला दशमूलारिष्टाचा वास येतो यात तुमचं नाक चुकलेलं नाही. व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ साली ते पोटाचं औषध म्हणूनच काढलं. आता त्या गावाचं नाव सिउदाद बोलिव्हार आहे आणि बिटर्स त्रिनिदादला तयार होतं. कडवटपणा जेन्शनच्या मुळाचा. अरिष्टासारखंच औषध, तर अर्धा चमचा कोण घेतं? दोन-तीन झटके. बाटली उलटी करून एकदा झटकली की जेवढं पडतं तेवढा एक झटका, एक मिलीच्या आत. लेबल मोठंच असतं, दुकानदाराला शिव्या देऊ नका.

मुलाला चव नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात.

बावीस_वर्षं_काउंटर

ताईंनी साखरेचं सांगून टाकलं, आता बर्फाचं माझ्याकडून घ्या. दादरला परमिट रूमच्या काउंटरमागे बारा वर्षं, नंतर हॉटेलच्या बारमध्ये दहा. आता गुडघ्यांमुळे बंद.

साहेब, तुमची खरी गडबड साखरेची नाहीच. पाण्याची आहे. तुम्ही तीस वर्षं सोडा ओतून पीत आलात, आणि या ग्लासात पाणी जाऊ नये म्हणून धडपडताय. त्या लोअर परळच्या ग्लासात घशाला जाळ का लागला नाही? कारण त्या पोराने तो ग्लास तुमच्यासमोर आणायच्या आधी अर्धा मिनिट बर्फात ढवळला होता. साठ मिली व्हिस्कीत पंधरा मिलीच्या आसपास पाणी उतरलेलं होतं. ते दिसत नाही, म्हणून माणूस म्हणतो नुसती व्हिस्की आहे. आणि तो आरपार ठोकळा पाणी घालायला नव्हताच. पाणी आधीच झालेलं, ठोकळा फक्त गार ठेवायला. घरी माणूस काय करतो? गरम व्हिस्की ओतून वर चार खडे टाकतो. पहिली दोन मिनिटं पाणी कमी, सातव्या मिनिटाला सरबत.

मुंबईत जुलै-ऑगस्टला हवा ओली आणि उकाडा आहेच. छोट्या खड्याला चारी बाजूंनी हवा आणि दारू लागते, तो टिकत नाही. तेवढाच बर्फ एका गोळ्यात असला की अंग कमी उघडं पडतं, म्हणून हळू वितळतो. बाकी काही जादू नाही. त्यामुळे मोठे साचे विकत आणू नका. स्टीलच्या आमटीच्या वाट्या घ्या. त्यात पाणी, वर ताटली. वाटी बाहेरून नळाखाली धरली की गोळा सुटतो. तुमच्या ग्लासात वाटी मावते का ते आधी रिकाम्या वाटीने बघून घ्या. एका गिऱ्हाइकाने घरी चार गोळे केले आणि एकही ग्लासात शिरेना, फोन मला.

आरपार हवाच असेल तर थर्माकोलचा छोटा डबा घ्या, झाकण न लावता पाणी भरून फ्रिजरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ झाकलेले, त्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात. अठरा-वीस तासांनी काढा, तळाशी अजून पाणी असेल ते ओतून द्या, वरचा स्वच्छ भाग पावाच्या करवती सुरीने खाच पाडून हलके ठोकून तोडा. दिसायला झकास. चवीत काही फरक नाही, भातसा-तानसाचं पाणी तेच. मी घरी वाटीच वापरतो.

वासाचं म्हणाल तर बर्फ वास ओढतो, आणि बोंबील तर डब्यातूनही बोलतो. बोंबील रविवारपर्यंत संपवा किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. फ्रिजर पुसून घ्या, ताजं पाणी शनिवारी दुपारी लावा, झाकून. आणि घाईत मच्छीवाल्याकडची लादी आणायची नाही. न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आपल्याकडे २०१८ ला आला तो उगाच नाही आला.

आता पाच माणसांचं. एकेक ग्लास ढवळत बसलात तर तुमचे मित्र तोवर सोडा फोडतील. आधीच करून ठेवा. पाचही जणांसाठी एकदम: व्हिस्की ३०० मिली, ताईंचं साखरपाणी २५ मिली, बिटर्स दहा-बारा झटके, आणि साधं प्यायचं पाणी ७५ मिली. हो, पाणी. बाटलीत भरा, हलवा, फ्रिजरमध्ये दोन-तीन तास आडवी नको, उभी ठेवा. गोठत नाही, थोडी घट्ट होते, तेलासारखी वाहते. माणसं बसली की ग्लासात एकेक गोळा आणि वरून ८० मिली. पाणी किती जायचं ते तुम्ही ठरवलंत, बर्फाला ठरवू दिलं नाहीत. बर्फाचा वाससुद्धा कमी उतरतो, कारण तो वितळतोच कमी.

जिगर, म्हणजे दारू मोजायचं माप, नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर खुणा असतात, ते धुऊन घ्या. चांगलं धुवा.

मुलुंड_स्लो

७५ मिली पाणी वाचून माझा हात थरथरला, पण तुमचं बरोबर आहे, सोडा ओतताना कधी थरथरला नाही. ताई, मुलाला सांगितलं. म्हणाला, मग बाबा मला २५ व्या वाढदिवसाला हेच द्या. लिहून ठेवलंय.

व्हिस्की आणि संत्रं राहिलं.

मरोळकरीण

काका, एक आगाऊ सल्ला. पाचांपैकी एकाला तरी ओल्ड फॅशन्ड आवडणार नाही, हे धरून चाला. माझ्या बाबांना आवडलं नाही, म्हणाले "महागडं औषध". त्यांच्यासाठी व्हिस्की सावर करून ठेवा. तुमच्याकडे साखरपाणी आहेच, लिंबू पावसाळ्यात स्वस्त आहे, बस.

पण परदेशी रेसिपी तशीच्या तशी घेऊ नका. त्यांचं लेमन पिवळं, जाड सालीचं, आणि आपलं कागदी लिंबू त्याहून चढं आंबट. ते २५ मिली रस लिहितात. मी पहिल्यांदा तेवढा घातला आणि दोन दिवस दात आंबले. आपल्या लिंबाचा १५ ते २० मिली पुरतो. व्हिस्की ६०, लिंबू १८, साखरपाणी २०. रस काढल्यावर बिया गाळा, आणि लिंबू साल चिरडेपर्यंत पिळू नका, कडवट होतं.

वर तो पांढरा फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा बलक, एका ग्लासाला अर्ध्या अंड्याचा. आधी बर्फाशिवाय जोरात हलवायचं, मग बर्फ घालून पुन्हा. शेकर नाही? मुलाचा प्रोटीनचा शेकर असेल. झाकण घट्ट लावा हं, बर्फाशिवाय हलवताना आत हवा दाबली जाते, माझं एकदा उडून पंख्याला लागलं. कच्चं अंडं नको असेल तर छोले शिजवलेलं पाणी, गाळून, दोन चमचे. हसू नका, अंड्याइतकाच फेस येतो. फक्त छोले बिनमसाल्याचे उकडलेले पाहिजेत. मी एकदा तमालपत्र घातलेलं पाणी वापरलं होतं.

बावीस_वर्षं_काउंटर

मरोळच्या ताईंचं लिंबाचं शंभर टक्के. आम्ही हॉटेलात नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

व्हिस्की. अमेरिकन बरबनमध्ये निम्म्याहून जास्त मका असतो, ५१ टक्के तरी असावाच लागतो, आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. त्यामुळे व्हॅनिला, जळक्या साखरेची चव येते आणि संत्र्याशी जमते. जिम बीमची बाटली आणलीत तर काम सोपं. पण देशी चालत नाही असं नाही. आपल्या बऱ्याच ब्लेंडेड व्हिस्क्यांचा पाया मळीच्या स्पिरिटचा असतो, त्या आधीच गोडसर आणि अंगाने हलक्या. त्यात २५ मिली साखरपाणी गोड होईल, १५ वर या आणि बिटर्सचे दोन झटके वाढवा. पाणीही ७५ च्या जागी ६०. धुरकट स्कॉच पहिल्या वेळी नको. आणि भारी सिंगल माल्ट कोणी भेट दिली असेल, अमृत, पॉल जॉन वगैरे, तर ती नीट_पिणाऱ्यांच्या पद्धतीनेच प्या. इथे ते बरोबर आहेत.

संत्रं: नागपूरचं नसलं तरी अडत नाही, उलट त्याचं साल सैल आणि मऊ, पट्टी काढताना फाटतं. बाहेरचं स्टिकरवालं घ्या. त्यावर मेण असतं, कोमट पाण्याने घासून धुवा. बटाटे सोलायच्या सोलाण्याने अंगठ्याएवढी पट्टी काढा, पांढरा भाग जेवढा कमी तेवढा बरा. रस नको, फोड नको. रंगीत बाजू ग्लासाकडे धरून पट्टी दुमडा. लहानपणी भावाच्या डोळ्यात साल पिळायचात ना, तसंच. ते जे चरचरायचं तेच तेल. ते वर तरंगतं, म्हणून घोटाच्या आधी संत्रं येतं.

मुलुंड_स्लो

बुधवार उजाडला, श्रावण लागला, आता निवांत लिहितो.

बोंबील शुक्रवारीच तळले. फ्रिजर बायकोने स्वतः सोड्याने पुसला, म्हणाली तुमच्या गटारीमुळे का होईना एकदा रिकामा झाला. शनिवारी सहा वाट्या लावल्या. साखरपाणी तिनेच केलं, काट्यावर, आणि मला बातम्या बघायला पाठवलं. बाटली देशीच घेतली, त्यामुळे काउंटर साहेबांच्या हिशेबाने साखरपाणी १५, पाणी ६०, बिटर्स चौदा झटके. झाकणाला अजून मधाच्या खोकल्याच्या औषधाचा वास होता, तो जाईना, शेवटी बायकोने केकसाठी आणलेले मापाचे चमचे घेतले.

फ्रिजरमधून बाटली काढली तेव्हा काचेवर दव. ओतली तर खरोखर तेलासारखी, आवाज न करता वाटीच्या गोळ्यावरून खाली घसरली. गोळा बारसारखा आरपार नव्हता, मधे धुकं होतं, पण ग्लासात फिट बसला आणि चाळीस मिनिटांनीसुद्धा लिंबाएवढा शिल्लक होता. मी घड्याळ लावून बघितलं.

संध्याकाळी दिव्यांची पूजा झालेली. पितळी समया, निरांजन, आजेसासूबाईंचा लामणदिवा, सगळे चिंचेने घासून पाटावर मांडलेले, पेटलेले. मी साल घेऊन उभा, आणि आमचा एक मित्र म्हणाला, अरे, साल ज्योतीवर पिळलं की ठिणग्या उडतात, दिवाळीत पणतीवर करायचो आठवतं का, बारमध्ये तसंच करतात. काडेपेटी पावसाने सर्दावलेली. पेटेना. माझा हात आपोआप पाटाकडे वळला. निरांजनावर साल दुमडलं, चर्र झालं, एवढीशी निळी-पिवळी फुलबाजी उडाली आणि खोलीभर संत्र्याचा वास. सगळे ओरडले. स्वयंपाकघरातून एकच वाक्य आलं, "देवाच्या दिव्यावर दारूचं साल पिळलंत?" पुढची चार सालं विनाज्योत.

चव? लोअर परळची नाही. तिथे मागे काहीतरी गोड लाकडासारखं होतं ते देशीत नव्हतं. पण घशात जाळ नाही, तळाशी साखर नाही, आणि संत्रं आधी आलं. तिघांनी दुसरा मागितला. चौथा, ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त बढाई मारली होती, त्याने दोन घोट घेतले, गप्प बसला, आणि मग उरलेल्या ग्लासात शांतपणे सोडा ओतला. मरोळकरीण ताई, तुमचं सावर त्याला केलं. फेस बघून म्हणाला ताक आहे का. पण संपवलं.

आता एक शेवटचा प्रश्न आणि तो घरात पेटलाय. काल उपासाच्या दिवशी बायकोने लिंबू-सोड्यात त्या बिटर्सचे दोन झटके घातले, तिला तो वास फार आवडला. मी सहज बाटली वाचली तर ४४.७ टक्के अल्कोहोल. व्हिस्कीपेक्षा जास्त! मी म्हटलं, श्रावण मोडलास. ती म्हणते, औषध आहे, ताईंनीच लिहिलंय डॉक्टरने काढलं म्हणून. ताई, निकाल द्या.

रसायनताई

दोन झटके म्हणजे दीड-पावणेदोन मिली. त्यातलं अल्कोहोल पाऊण मिलीच्या आसपास. अडीचशे मिली सरबतात ते ०.३ टक्के होतं. रसायनशास्त्र इथपर्यंत सांगतं. पुढचं तुमच्या गुरुजींना विचारा.

नीट_पिणारा

दशमूलारिष्टातसुद्धा अल्कोहोल असतं. तुमची आजी श्रावणात घ्यायची का, ते आठवा.

मुलुंड_स्लो

घ्यायची. रोज रात्री दोन चमचे, समभाग पाण्यातून.

बायकोला वाचून दाखवलं. बाटली आता माझ्या कपाटातून तिच्या मसाल्याच्या फळीवर गेली आहे.